खारीवर आक्रमण कोणाचे?

चीनने १९७९ साली अमेरिकेतून स्पार्टिना नावाचे गवत आणले. भरतीने धुपणारा किनारा या गवताच्या मुळांनी धरून ठेवावा, हा हेतू होता. गवताने चिखल धरला, आणि पुढे पसरतच गेले. पक्ष्यांची चरायची जागा, शिंपल्यांचा चिखल, सारे त्याच्याखाली गेले. शेवटी २०२२ साली ते उपटण्याची देशव्यापी मोहीम त्याच देशाला आखावी लागली.

आपल्या रायगडात प्रश्न थोडा वेगळा आहे. पालीवरून वाहणारी अंबा नागोठण्याच्या पुढे धरमतर खाडीला मिळते. या खाडीच्या काठाने, पेण-अलिबागच्या बाजूला, पिढ्यानपिढ्या माणसांनी मातीचे बांध घालून भरतीच्या पाण्याकडून जमीन मिळवली. तोच खारेपाट. उर्दूत 'ख़ार' म्हणजे काटा; मराठीत खार म्हणजे मिठाची जमीन. इथल्या शेतकऱ्याला दोन्ही अर्थ ठाऊक आहेत.

खाडीच्या बाजूला बाहेरकाठा, आणि त्यात पावसाचे पाणी सोडायला उघाडी. भरतीला तिचे दार मिटते, ओहोटीला उघडते. पावसाने मीठ धुऊन निघाले की भात लागतो. या जमिनीची किंमत किती होती? याच खारेपाटातल्या चरी गावी कुळांनी खोतांविरुद्ध संप केला, आणि १९३३ पासून १९३९ पर्यंत शेत कसले नाही. नारायण नागू पाटील त्यांचे नेते होते.

बांध राखणे हे पूर्वी गावकीचे काम. खांड गेली की सारा गाव टोपल्या घेऊन धावे. १९४८ चा मुंबईचा खारजमीन कायदा आणि १९७९ चा महाराष्ट्राचा कायदा आला, तशी ही जबाबदारी हळूहळू सरकारी खात्याकडे गेली. आता खांड पडली की अर्ज, अंदाजपत्रक, मंजुरी. उधाण मात्र मंजुरीसाठी थांबत नाही. खारे पाणी शिरते, भात जातो, आणि काही वर्षांत तिथे तिवरांचे रान उभे राहते.

त्यानंतर शेतकऱ्याचे हात बांधलेले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली आणि पुन्हा २०१८ साली कांदळवन तोडण्यास मनाई केली, जमीन कोणाचीही असो. सातबारा त्याच्या नावावर, पण नांगर घालता येत नाही.

यात तिवराला दोष कसा देणार? स्पार्टिना चीनमध्ये परका होता. तिवर या चिखलाचा मूळ रहिवासी आहे. तो किनारा राखतो, माशांची पिल्ले वाढवतो. न्यायालयाची मनाईही योग्यच. चूक त्याच्या आधीची आहे, वेळेवर न बुजवलेल्या खांडीची. म्हणून मागणीही दोन भागांत हवी: शाबूत बाहेरकाठे दर उन्हाळ्यात दुरुस्त व्हावेत, आणि बांध फुटल्यामुळे ज्यांची शेते कांदळवनात गेली, त्यांना जमिनीचा मोबदला मिळावा. किनारा सर्वांसाठी राखायचा असेल, तर त्याची किंमत एकट्या खारेपाटाच्या शेतकऱ्याने का भरावी?