अफूचा उतारा

विषाचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. उताऱ्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. चीनशी झालेली युद्धे आणि माळव्याच्या अफूवर श्रीमंत झालेल्या मुंबईच्या पेढ्या यांची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस पाठ असते. परंतु अफू अधिक झाली तर मनुष्यास वाचवावे कसे व ते कोणी, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत आम्हांस आढळत नाही.

आणि हा प्रश्न तर अगदी घरातला! मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्सबाईंनी 1922 च्या सुमारास गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या शंभर तान्ह्या मुलांपैकी 98 मुलांना अफू दिली जाते असे त्यांस दिसून आले. या गोळीस ‘बाळागोळी’ असे गोड नाव होते. त्या आयांस निर्दय म्हणणे सोपे आहे. दिवसभर साच्यावर उभे राहावयाचे, मूल शेजारच्या म्हातारीपाशी ठेवावयाचे, आणि भुकेने ते रडू नये याची तजवीज करून जावयाचे. दुसरा मार्ग त्यांस कोणी दाखविला होता? लातूर-नांदेडकडील मुलूख त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्याने या पाहणीत आला नाही. परंतु मूल बांधावर निजवून कापूस वेचावयास जाणारी आई तिकडेही होतीच.

गोळीचे माप नजरेचे. ते चुकले म्हणजे मुलाचा श्वास मंदावे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत. मग घरोघरचा उपाय म्हणजे हिंग. डॉक्टरांपाशी तरी काय होते? पोट धुणे, कडक कॉफी पाजणे, मोठा मनुष्य असल्यास हाताला धरून चालविणे! खरा उतारा ना चाळीत होता, ना इस्पितळात.

तो 1961 साली अमेरिकेत सापडला. फिशमन व लेवेनस्टाइन या दोघांनी तयार केलेले नॅलॉक्सोन अफूच्या अर्काला मज्जातंतूंवरील त्याच्या जागेवरून हुसकून लावते, आणि थांबत आलेला श्वास दोन-चार मिनिटांत परत येतो. ज्याच्या पोटात अफू नाही त्याला ते बाधत नाही. 1971 मध्ये त्यास तेथील सरकारची मान्यता मिळाली. पण ते राहिले इस्पितळाच्या कपाटात. 1996 पासून शिकागोत काही कार्यकर्त्यांनी ते व्यसनी माणसांच्याच हाती देण्यास आरंभ केला. पुढे आपल्याकडे मणिपूर-नागालँडातही व्यसनींत काम करणाऱ्या संस्थांनी त्याचा उपयोग केला. 2014 साली जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितले की, असा प्रसंग ज्यांच्या डोळ्यांसमोर घडण्याचा संभव आहे, त्यांस हे औषध व त्याचे शिक्षण मिळावे.

‘आमच्या नांदेडात याचे काय?’ असे वाचक विचारतील. बाळागोळी गेली, पण कोडीनयुक्त खोकल्याचे औषध व ट्रॅमॅडॉलच्या गोळ्या आल्या. त्यांपैकी ट्रॅमॅडॉल सरकारला 2018 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावे लागले. शिवाय कर्करोग्यास वेदनाशमनार्थ मॉर्फिन मिळावे म्हणून तोच कायदा 2014 साली सैल झाला. तो योग्यच झाला. मात्र विष पुन्हा घरात आले आहे, आणि उतारा देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत असूनही डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून हाती येत नाही. नांदेड व लातूर येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत खरी. पण किनवट नांदेडापासून शंभर किलोमीटरांहून दूर, आणि श्वास थांबलेल्या माणसापाशी असतात केवळ काही मिनिटे.

उतारा हाताशी असला की व्यसन माजेल, असा आक्षेप सज्जन मंडळींकडून येतो. सर्पदंशाची लस तालुक्याला ठेवली म्हणून कोणी नागाच्या बिळात हात घातल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

शिकावयाचे फार नाही. आशाताईंस व रुग्णाच्या घरच्यांस एक दुपार पुरेल. हाक मारून, हलवून पाहणे. 108 ला कळविणे. तोंडाने श्वास देणे. दंडात वा मांडीत सुई टोचणे. आणि मनुष्य शुद्धीवर आला तरी त्यास एकटे न सोडणे. उताऱ्याचा अंमल अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, विषाचा पुष्कळदा त्याहून अधिक टिकतो. तेवढ्या वेळात त्याला तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचवावयाचे असते.