बुद्धिबळ, एकट्याचे (संगणकीय कोडेखेळ)

बुद्धिबळातील मोहऱ्यांच्या चाली कायम ठेवून प्रतिस्पर्धी, घड्याळ आणि हारजीत वगळणारा संगणकावरील वा मोबाइलवरील कोडेखेळांचा प्रकार. पट बहुधा लहान आणि मोहरे मोजके असतात. दिलेल्या मांडणीतून ठरलेल्या स्थितीपर्यंत पोहोचणे एवढेच उद्दिष्ट असते. विक्रीच्या वर्गवारीत हे खेळ ‘निवांत’ आणि ‘मिनिमलिस्ट’ अशा शिक्क्यांखाली येतात. खेळाडूंचे कौतुक आणि त्यांची नाराजी यांचे मूळ एकच आहे : समोर कोणी बसलेले नसते.

प्रकार व नियम : स्थूलमानाने तीन प्रकार आढळतात. पहिल्यात प्रत्येक चालीला कोणता तरी मोहरा मारावाच लागतो आणि शेवटी पटावर एकच उरावा लागतो. दुसऱ्यात मोहऱ्यांच्या जागांची अदलाबदल करायची असते. तिसऱ्यात मोहरे एकमेकांच्या माऱ्यात येणार नाहीत असे बसवायचे असतात. पहिल्या प्रकाराचा परिचित नमुना म्हणजे चेस डॉट कॉमवरील ‘सोलो चेस’. त्यात सगळे मोहरे पांढरे असतात व आपलेच आपल्याला मारतात. एका मोहऱ्याला जास्तीत जास्त दोनदा मारता येते. पटावर राजा असेल तर शेवटी तोच उरला पाहिजे. थिंकफन या अमेरिकी कंपनीचा ‘सॉलिटेअर चेस’ (२०१०) हा त्याच घराण्यातला, ४ × ४ घरांच्या पटावरचा, ६० कोड्यांचा हातात धरून खेळायचा संच; पुढे त्याची मोबाइल आवृत्तीही निघाली.

उदाहरणार्थ, हत्ती ए१ वर, उंट ए३ वर व घोडा सी१ वर आहे. हत्तीने उंट मारला तर उरलेले हत्ती व घोडा एकमेकांच्या टप्प्यात येत नाहीत आणि कोडे तिथेच अडते. हत्तीने आधी घोडा मारला, तर ए३ वरचा उंट तिरका येऊन हत्तीला मारतो व डाव सुटतो. उंटाने आधी घोडा मारला तरी चालते, कारण मग हत्ती आडवा जाऊन उंटाला मारतो. म्हणजे या मांडणीला दोन उकली आहेत. तिचे महत्त्व पुढे येईल.

पूर्वपीठिका : एकट्याने सोडवायची पटावरची कोडी संगणकापेक्षा फार जुनी आहेत. नवव्या शतकातील अरबी बुद्धिबळज्ञ अल-अदली याच्या संग्रहात आणि पुढे १५१२ मध्ये इटलीतील ग्वारिनी याच्या हस्तलिखितात चार घोड्यांचे कोडे येते. ३ × ३ च्या पटाच्या वरच्या दोन कोपऱ्यांत काळे घोडे आणि खालच्या दोन कोपऱ्यांत पांढरे. त्यांच्या जागा बदलायच्या. मधल्या घरात घोडा पोहोचूच शकत नाही. उरलेली आठ घरे घोड्याच्या चालीने जोडत गेल्यास एक कडे तयार होते. कड्यावर घोडे एकमेकांना ओलांडू शकत नाहीत, त्यामुळे चौघांनी एकाच दिशेने फिरणे हाच मार्ग उरतो. प्रत्येकी चार, अशा एकूण १६ चाली लागतात. पट उलगडून कडे पाहण्याची ही युक्ती इंग्रज कोडेकार हेन्री ड्यूडनी याने ‘गुंड्या आणि दोरा’ या नावाने लोकप्रिय केली. आजच्या अदलाबदलीच्या खेळांतील बरीचशी कोडी याच कड्याची मोठी वा वाकडी रूपे आहेत. खेळाडू ज्याला ‘एकदम डोक्यात प्रकाश पडणे’ म्हणतात, तो क्षण बहुधा हे कडे दिसल्याचा असतो.

भारतात घोड्याच्या फेरीची परंपरा स्वतंत्र व समृद्ध आहे. घोडा प्रत्येक घरात एकदाच जाईल असा मार्ग शोधणे हे तिचे सूत्र. काश्मीरच्या रुद्रटाने नवव्या शतकात काव्यालंकार या ग्रंथात अर्ध्या पटावरचा तुरगपदबंध दिला. त्यात श्लोक सरळ वाचला काय किंवा घोड्याच्या चालीने वाचला काय, अक्षरे तीच येतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात (बारावे शतक) आणि वेदान्तदेशिकांच्या पादुकासहस्रातही घोड्याची फेरी येते. सतराव्या शतकात नीलकंठभट्टाने भगवंतभास्कर या बारा मयूखांच्या ग्रंथातील नीतिमयूखात बुद्धिबळाची माहिती व संपूर्ण पटावरच्या फेऱ्या अक्षरांत गुंफून दिल्या. हे भट्ट घराणे पैठणहून काशीला गेलेले. त्याच ग्रंथातील व्यवहारमयूख मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत हिंदू कायद्याचा आधार म्हणून मानला जाई, म्हणून लेखकाचे नाव वकिलांना ठाऊक राहिले आणि घोडा विस्मरणात गेला. युरोपात ऑयलरने या फेरीचा गणिती अभ्यास १७५९ मध्ये मांडला. वॉर्न्सडॉर्फची युक्ती १८२३ ची : पुढे जायला सर्वांत कमी वाटा असलेले घर आधी घ्यावे.

मराठी प्रदेशाशी निगडित आणखी एक दुवा तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचा. पेशवाईच्या अखेरच्या काळात त्यांनी संस्कृतात केलेला बुद्धिबळातील कोड्यांचा संग्रह १८१४ मध्ये मुंबईत इंग्रजी रूपात छापला गेला. ती कोडी मात देण्याची आहेत, म्हणजे त्यांत प्रतिस्पर्धी गृहीत आहे. पण सोडवणारा एकटाच असतो.

तिसऱ्या प्रकारातले, आठ वजीर एकमेकांच्या माऱ्यात येणार नाहीत असे पटावर बसवण्याचे कोडे माक्स बेट्सेलने १८४८ मध्ये मांडले. नाउकने १८५० मध्ये त्याच्या ९२ उकली दिल्या. पट फिरवून व आरशात पाहून मिळणाऱ्या उकली एकच धरल्या तर त्या १२ भरतात.

संगणकावर : ‘द सेव्हन्थ गेस्ट’ (१९९३) या भयकथेवरील खेळात आठ वजीर, उंटांची अदलाबदल व घोड्यांची अदलाबदल ही तिन्ही कोडी होती. तेथे पछाडलेल्या वाड्याचा मालक खेळाडूला मधूनमधून टोमणे मारी, त्यामुळे निवांतपणाशी त्याचा संबंध नव्हता. कोडे फारच अडले तर वाड्याच्या ग्रंथालयातील पुस्तक उघडून सुटका करून घेता येई. ही सोय पुढील निवांत खेळांतील सूचना-बटणाची पूर्वज मानायला हरकत नाही. याउलट ‘पॉनबेरियन’ (२०२१) व ‘शॉटगन किंग’ (२०२२) यांनी मोहऱ्यांच्या चाली लढाईला जुंपल्या. ते प्रस्तुत नोंदीच्या कक्षेबाहेर आहेत. लिंक्डइनने मे २०२४ मध्ये सुरू केलेल्या ‘क्वीन्स’ने वजीर हे नाव बुद्धिबळ न खेळणाऱ्यांच्याही रोजच्या सवयीत आणले.

खेळाडूंची मते : मते कळण्याची मुख्य जागा म्हणजे विक्रीच्या दुकानांतील अभिप्राय, आणि त्यांचा साचाच मतांना आकार देतो. स्टीमवर अंगठा वर किंवा खाली एवढेच पर्याय असतात, आणि शेजारी त्या व्यक्तीने किती तास खेळले ते दिसते. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत व दोन तासांपेक्षा कमी खेळून झाल्यास पैसे परत मागता येतात. छोटा कोडेखेळ सराईत माणूस तेवढ्या वेळात संपवू शकतो. म्हणून ‘लवकर संपला’ हे वाक्य अंगठा वर करणारेही लिहितात आणि खाली करणारेही. पहिल्याला तो गुण वाटतो, दुसऱ्याला फसवणूक.

सर्वाधिक कौतुक घड्याळ नसण्याचे होते. ऑनलाइन बुद्धिबळात प्रत्येक पराभवानंतर मानांकनाचा आकडा घसरतो. २०१८ मध्ये आलेल्या ‘पझल रश’सारख्या प्रकारांनी तर कोडी सोडवण्यालाही शर्यतीचे रूप दिले. या धबडग्याला कंटाळलेले, चाली ठाऊक असलेले पण स्पर्धा सोडून दिलेले लोक निवांत खेळांचे सर्वांत निष्ठावंत गिऱ्हाईक आहेत. प्रारंभीच्या चालींचे पाठांतर लागत नाही, हरल्याचे कोणाला कळत नाही, अर्धे कोडे सोडून झोपले तरी चालते, असे मुद्दे त्यांच्या लिहिण्यात पुन्हापुन्हा येतात. ‘क्वीन्स’ला हे कौतुक पूर्णपणे लागू पडत नाही. तेथे लागलेला वेळ दिसतो आणि सहकाऱ्यांना दाखवता येतो, म्हणजे प्रतिस्पर्धी मागच्या दाराने परत आलाच.

एक चाल मागे घेण्याचे बटण ही वरवर किरकोळ बाब, पण नाराजीचे ते मोठे कारण ठरते. बटण नसेल तर सहाव्या चालीतील चुकीसाठी सारे कोडे पहिल्यापासून मांडावे लागते. पटावरच्या बुद्धिबळात हात लावलेला मोहरा चालवावाच लागतो, आणि त्या शिस्तीत वाढलेले काही खेळाडू हे बटण नको म्हणतात. ते संख्येने थोडे असले तरी त्यांचा मुद्दा टाकाऊ नाही. चाल फुकट मागे घेता आली की मनात डाव पुढे नेऊन पाहण्याची गरज उरत नाही. बोट विचार करू लागते. तरीही बटण असावे आणि ते वापरणे सोडवणाऱ्यावर सोपवावे, याकडेच बहुतेकांचा कल दिसतो.

काठिण्याच्या चढाबद्दल तक्रारी दोन बाजूंनी येतात. पहिली काही कोडी उंट तिरका जातो आणि प्यादे तिरके मारते हे शिकवण्यात खर्च होतात, तेव्हा जाणकार कंटाळतो. प्रथमच पट पाहणाऱ्याला प्याद्याची चाल सरळ व मारा तिरका, हीच मोठी अडचण असते. मग मध्यावर मोहऱ्यांची संख्या वाढते आणि दोघांचीही वाट एकदम चढणीची होते. एकच खेळ दोन वेगळ्या गिऱ्हाइकांना विकला जातो, याचा हा परिणाम आहे. ज्या खेळांत सुरुवातीची कोडी ओलांडून पुढे जाता येते, त्यांबाबत ही कुरकुर कमी ऐकू येते.

‘ठोकताळ्याने सुटते’ हा आक्षेप अधिक गंभीर आहे. तीन-चार मोहऱ्यांच्या मांडणीत शक्य चालीच इतक्या कमी असतात की विचार न करता बोट फिरवले तरी उत्तर सापडते. सोलो चेसमधील दोनदा मारण्याची मर्यादा याला काहीसा आळा घालते, कारण थकलेला मोहरा केवळ भक्ष्य उरतो आणि कोणाला कधी थकवायचे हे आधीच ठरवावे लागते. या एका नियमाला खेळाडूंच्या लिहिण्यात मिळते त्यापेक्षा कितीतरी अधिक श्रेय मिळायला हवे.

एकाहून अधिक उकलींबाबत मतभेद तीव्र आहेत. बुद्धिबळातील रचनाकारांच्या परंपरेत अनपेक्षित दुसरी उकल सापडली की रचना बाद होते. वर दिलेली तीन मोहऱ्यांची मांडणी अशा कोणत्याही स्पर्धेत टिकणार नाही. निवांत खेळणाऱ्यांना मात्र याचे सोयरसुतक नसते; कोडे सुटले म्हणजे सुटले. प्रस्तुत नोंदीचा कल रचनाकारांकडे आहे. एकच वाट असेल तर प्रत्येक मोहरा तिथे का ठेवला आहे हे शेवटी कळते, आणि ते समाधान दोन वाटांच्या कोड्यात मिळत नाही.

‘हे बुद्धिबळच नव्हे’ हा आक्षेप सर्वांत जुना आहे. शह नाही, मात नाही, आपलेच आपल्याला मारतात. ‘क्वीन्स’बाबत तर तो शब्दशः खरा आहे. तेथे प्रत्येक आडव्या व उभ्या ओळीत आणि प्रत्येक रंगाच्या तुकड्यात एकेक वजीर बसवायचा असतो. लगतच्या घरात, तिरक्यासुद्धा, दुसरा वजीर चालत नाही. पण लांबच्या तिरप्या रेषेवर बिनदिक्कत चालतो. खऱ्या वजिराला हे मान्य होणार नाही. रचनेच्या दृष्टीने तो ‘स्टार बॅटल’ या तर्ककोड्याच्या कुळातला आहे, बुद्धिबळाच्या नव्हे. सोलो चेसवर मात्र हा आक्षेप अर्धाच बसतो, कारण तेथे चाली अस्सल आहेत, फक्त भांडण काढून टाकले आहे. ज्यांना बुद्धिबळ म्हणजे दुसऱ्या माणसाच्या मनाशी झुंज वाटते, त्यांना उरलेले सांगाड्यासारखे भासते. ज्यांना मोहऱ्यांच्या रेषांचे जाळे आवडते, त्यांना तेच नेमके हवे असते. दोन्ही गट एकाच खेळाबद्दल लिहितात आणि दोघांचेही वर्णन अचूक असते.

गणिती काठिण्य : सोलो चेस दिसते तितके सोपे नाही, हे हैदराबाद व गांधीनगर येथील आयआयटींशी संबंधित एन. आर. अरविंद, नीलधारा मिश्रा व हर्षिल मित्तल यांनी २०२२ मध्ये दाखवले. अमर्याद पटावर कितीही मोहरे व प्रत्येकाला ठरावीक वेळा मारण्याची मुभा असे सामान्यीकरण केल्यास, दिलेली मांडणी सुटेल की नाही हे ठरवणे ‘एनपी-कम्प्लीट’ वर्गात, म्हणजे झटपट सोडवण्याची सर्वसाधारण रीत ज्ञात नसलेल्या प्रश्नांत, मोडते. सगळे मोहरे हत्ती असून प्रत्येकाला फार तर दोनदाच मारता येत असेल, तरी काठिण्य कमी होत नाही. सगळे वजीर असून प्रत्येकाला दोनदा मारता येत असेल, तरीही तेच. सगळे हत्ती एकाच ओळीत असतील किंवा प्रत्येकी दोनदा मारू शकणारी केवळ प्यादी असतील, तर मात्र सुटणाऱ्या मांडण्या ओळखण्याचा पूर्ण निकष देता येतो.

बुद्धिबळ शिकण्यासाठी उपयोग : मोहऱ्यांच्या चाली आणि माऱ्याच्या रेषा डोळ्यांत बसतात, हे शिकवणारे व पालक दोघेही मान्य करतात. डावाची योजना, बचाव आणि प्रतिस्पर्ध्याचा हेतू ओळखणे यांसाठी हे खेळ अपुरे पडतात.

संगीत व दृश्यरचना : मंद पियानो, फिकट रंग, सपाट मोहरे.