मापाचा ब्लाऊज

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमचं दुकान इंदापुरात होतं. दुकान कसलं, दहा बाय आठची खोली. एक शिलाई मशीन, कोळशाची इस्त्री आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या पिशव्या. प्रत्येक पिशवीत दोन गोष्टी असायच्या, नवं कापड आणि एक जुना ब्लाऊज. बाई पायरीवरूनच पिशवी पुढं करायची. ‘‘मास्तर, मापाचा ब्लाऊज आत ठेवलाय. तस्साच शिवा.’’ माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं शिलाई केली, पण एकाही परक्या बाईला टेप लावली नाही. त्यांनी मोजले ते जुने ब्लाऊज.

या मापाच्या ब्लाऊजचा इतिहास शोधायला लागलो, तेव्हा एक गंमत कळली. आपल्याकडं बायकांची चोळी फार जुनी, तिचं माप मात्र अलीकडचं.

माझी आजी या भागातल्या इतर बायकांसारखीच नऊवारी लुगडं नेसायची आणि चोळी घालायची. चोळीला हुक नाही, बटण नाही. पुढं गाठ. पहिलटकरीण असो, अंगावर पाजणारी असो की म्हातारी, चोळी तीच. गाठ तेवढी सैल किंवा घट्ट व्हायची. हातानं शिवणारी एखादी शेजारीण अंदाजानंच कापायची. चोळीचा खण बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा नावाजलेला. खणाचा काठ बाहीवर आणि पाठीवर येईल असं बेतायचं, की चिंधीसुद्धा फारशी उरत नसे. खण-नारळानं ओटी भरायची रीत आपण आजही पाळतो. नुसता खण देऊन भागत होतं, कारण माप विचारायची गरजच नव्हती. मराठेशाहीत राजघराण्यातल्या स्त्रियांच्या खासगी खर्चासाठी गावांचं उत्पन्न लावून देत, त्यालाही ‘चोळी-बांगडी’ म्हणत. एवढा त्या कापडाचा मान.

मग काळ पालटला. मुंबईच्या पारशी स्त्रिया साडीबरोबर शिवलेला, अंगासरशी बसणारा ब्लाऊज घालत. १८६० च्या दशकात सत्येंद्रनाथ टागोर अधिकारी म्हणून मुंबई इलाख्यात आले. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवींनी तो पेहराव पाहिला आणि बंगालात नेला. आपल्याकडं पोलकं आलं, झंपर आला, शेवटी ब्लाऊज आला. आयझॅक सिंगरनं १८५१ साली पेटंट घेतलेलं शिवणयंत्र हळूहळू गावोगावच्या ओट्यावर पोचलं. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली या एका यंत्राला अपवाद मानलं. कोलकात्यात १९३० च्या दशकात ‘उषा’ बनू लागली आणि मशीन आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आलं.

पण ब्लाऊजला गाठ नव्हती, हुक होते. गाठ अंगाचं ऐकते. हुक जिथं लावला तिथंच बसतो. म्हणून माप आलं. आणि माप आलं तसा प्रश्नही आला, मोजायचं कुणी?

शिंपी पुरुष, गिऱ्हाईक बाई. गावानं काढलेला तोडगा म्हणजे मापाचा ब्लाऊज. त्यात दोघांचीही मर्यादा राखली जायची, पण कपड्याचे हाल व्हायचे. कापड सपाट, अंग गोल. सपाट कापड गोलाईवर बसवायला टक्स घ्यावे लागतात. कटोरी ब्लाऊज असेल तर छातीचा भाग वेगळा कापून जोडावा लागतो. गळ्याला उरेबपट्टी लावतात, कारण तिरपं कापलेलं कापड ताणतं आणि वळणावर चुणी पडत नाही. सगळ्यात अवघड मुंढा. खोल गेला तर हात वर करताच अख्खा ब्लाऊज वर चढतो, उथळ राहिला तर काखेत काचतो. एक खांदा उतरता आहे, पाठीला पोक आहे, हे जुना ब्लाऊज कसं सांगणार? तो तर धुऊन धुऊन स्वतःच आटलेला किंवा ताणलेला.

१९८२ साल. मी सहावीत होतो. कालव्याकाठच्या एका गावातून लग्नाचा ब्लाऊज आला होता. हळदीच्या दिवशी निरोप आला, पुढं दोन बोटं कमी पडतंय. मापाला दिलेला ब्लाऊज दोन वर्षांपूर्वीचा निघाला. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. पण त्यांची एक सवय होती. दोन्ही बगलांच्या शिवणीत इंचभर कापड दाबून ठेवायचे. ‘‘अंग बदलतं, शिंप्यानं जागा ठेवावी,’’ म्हणायचे. आई ब्लेड, सुई आणि टेप घेऊन एसटीनं त्या गावाला गेली. शिवण उसवली, कच्चा टाका घातला, नवरीच्या अंगावर बघितलं, पुन्हा उसवलं. पहाटे ब्लाऊज बसला.

परत आल्यावर आईनं दुकानात पडदा लावला. आत ती माप घ्यायची आणि आकडे ओरडून सांगायची. छाती साडेतेहतीस, मुंढा सोळा. बाहेर वहीत उतरवायचं काम माझं. पुढं बारामतीत बी.ए. करताना मोरोपंतांच्या आर्येतल्या मात्रा मोजल्या, तेव्हा मला पडद्याआडून येणारे ते आकडे आठवत. मोरोपंत त्याच गावात राहिले आणि जन्मभर मापात लिहीत राहिले.

आईसारख्या बायका याआधीही होऊन गेल्या होत्या. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं पुण्यात सेवासदन उभं राहिलं. तिथं बायकांना शिक्षणाबरोबर शिवणही शिकवलं जाई. पुढं शिवणक्लास तालुक्याच्या गावांत आले आणि टेप बाईच्या हातात आली. घरात चार पैसे आले, हा फायदा सगळ्यांना दिसला. दुसरा मला पडद्याबाहेर ऐकू यायचा. माप झालं की आई विचारायची, ‘‘बाई, कुठं काचतंय?’’ आधी आत शांतता. मग हळूहळू बाई बोलायला लागायची. कितीतरी जणींना हे कुणी विचारलंच नव्हतं. काही जणी ब्लाऊजच्या पलीकडचंही सांगायच्या. ते मी वहीत लिहिलं नाही.

आज बारामतीच्या वस्त्रोद्यानात आसपासच्या गावांतल्या बायका ओळीनं मशीनवर बसतात. तिथलं माप ठरावीक आकड्यांचं, न पाहिलेल्या माणसांसाठी. लग्नाचा ब्लाऊज मात्र अजून अंगावरच बेतावा लागतो. आई आता थकली, डोळ्यांना दिसत नाही. तरी नात नवा ब्लाऊज घालून समोर आली, की ती तिच्या बगलेची शिवण बोटांनी चाचपते आणि आत जागा ठेवली आहे का ते बघते.