तूलूझ येथील असेझा वाडा

फ्रान्सच्या दक्षिणेस गारोन नदीच्या कांठीं तूलूझ हें शहर आहे. आसपास बांधकामाचा दगड दुर्मिळ, म्हणून सारें शहर तांबड्या विटेचें. अशा गांवांत पिएर असेझा या व्यापाऱ्यानें १५५५ च्या सुमारास वाडा बांधावयास घेतला आणि विटेच्या भिंतींवर दगडी खांबांच्या ओळी चढविल्या. आपल्या संपत्तीची याहून मोठी दवंडी त्यास पिटवितां आली नसती.

ही संपत्ति पास्तेल नामक झाडाच्या पानांतून आली. पानें भरडून त्यांचे गोळे वळीत, वाळवीत, मग कुजवीत; त्यांतून निघणारा निळा रंग अँटवर्प, लंडनपर्यंत जाई. गोळ्यांस 'कोकाञ' म्हणत, आणि सुबत्तेच्या काल्पनिक देशाचें फ्रेंच नांव यावरूनच पडलें असें तेथील लोक अभिमानानें सांगतात. तें नांव या व्यापाराच्या भरभराटीहून जुनें असल्यामुळें आम्हांस ही व्युत्पत्ति पटत नाहीं.

चौकाची खरी शोभा निकोला बाशलिए या शिल्पज्ञाची. खालीं डोरिक, मधें आयोनिक, वर कॉरिंथियन असे जोडखांब एकावर एक उभे आहेत. हा क्रम रोमचा. तो सेर्लिओच्या ग्रंथांतून फ्रान्समध्यें पसरला. परंतु तांबड्या विटेवर पांढरा दगड उठून दिसावा ही दृष्टि तूलूझची, आणि तीमुळेंच वाडा नक्कल वाटत नाहीं. कोपऱ्यांत जिन्याचा उंच मनोरा आहे. असेझा १५५२ सालीं नगराधिकारी झाला होता. त्या पदाबरोबर सरदारकी येई, आणि असा मनोरा ती दुरून दाखवी.

बाशलिए वारल्यावर त्याचा मुलगा दोमिनिक यानें काम चालविलें. इतक्यांत १५६२ च्या मे महिन्यांत शहरांत धर्मयुद्ध पेटलें. असेझा प्रॉटेस्टंट; त्याचा पक्ष हरला आणि त्यास शहर सोडावें लागलें. पुढें तो कॅथॉलिक पंथांत परतला आणि १५८१ सालीं वारला. वाडा मात्र पुरा झाला नाहीं.

आमच्या हिंदुस्थानच्या निळीनें पास्तेल बुडविला असें म्हणावयाचा मोह आपणांस होतो. पोर्तुगीज जहाजांनीं नीळ युरोपांत नेली हें खरें, आणि चौथ्या हेन्रीनें १६०९ सालीं तिच्या वापरास देहदंड ठरविला हेंहि खरें. परंतु असेझाच्या हयातींतच भाव कोसळले होते व लढायांनीं बाजार मोडला होता. निळीनें शेवटचा घाव घातला, पहिला नव्हे.

ओझेन नामक पेढीवाल्यानें १८९५ सालीं वाडा विद्वत्सभांसाठीं शहरास दिला. १३२३ सालीं स्थापन झालेली काव्यसभा आज तेथें भरते. १९९० नंतरच्या दशकांत एक चित्रसंग्रहहि आला. चौकाच्या एका बाजूस मात्र दालनें अजून नाहींत. तेथें कोऱ्या विटेच्या भिंतींतून दगडी आधार पुढें आले आहेत, आणि त्यांवर एक अरुंद सज्जा तेवढा पेललेला आहे.