घरातले पाण्याचे पाइप धडधड का वाजतात? कारणे आणि उपाय

वर्धा शहराला धाम नदीचे पाणी मिळते. नळाचे पाणी ठरावीक वेळीच येत असल्यामुळे बहुतेक घरांत ते खालच्या टाक्यात साठवून मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते. मोटर बंद करताच भिंतीतून ‘धाड’ असा आवाज येणे, नळ बंद केला की पाइप हादरणे हे अनेक घरांत घडते. हा आवाज म्हणजे पाइपच्या जोडांवर बसणारा धक्का असतो.

आवाज कशामुळे होतो?

वाहते पाणी अचानक अडले की त्याचा वेग दाबात बदलतो आणि दाबाची लाट पाइपमधून मागेपुढे धावते. याला ‘वॉटर हॅमर’ म्हणतात. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या नळवाहिन्यांवर प्रयोग करून १८९८ मध्ये याचे सूत्र प्रसिद्ध केले. सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणारे पाणी क्षणात थांबले, तर लोखंडी पाइपमधला दाब सुमारे १२ ते १३ बारने वाढतो. प्लास्टिकच्या पाइपमध्ये ही वाढ ४ ते ५ बार असते. एकमजली घराच्या गच्चीवरील टाकीचा नेहमीचा दाब जेमतेम अर्धा बार असतो, हे पाहिले की धक्क्याचा जोर कळतो.

आवाज कधी येतो, ते आधी पाहा

१. मोटर बंद केल्यावर: वर चढलेले पाणी मागे फिरते आणि एनआरव्ही, म्हणजे पाणी परत येऊ न देणारा व्हॉल्व्ह, जोरात आपटतो. स्प्रिंगचा एनआरव्ही पाणी मागे फिरण्याआधीच बंद होतो, म्हणून तो बसवा.

२. नळ किंवा वॉशिंग मशीन बंद होताना: पाव फेऱ्यात बंद होणारे नळ सावकाश फिरवा. मशीनचा व्हॉल्व्ह आपोआप झटक्यात बंद होतो. त्यामुळे मशीनच्या नळाजवळ वॉटर हॅमर अरेस्टर बसवावा. त्यातली कोंडलेली हवा धक्का झेलते.

३. टाकी रिकामी होऊन पुन्हा भरल्यावर: पाइपमध्ये हवा अडकते, नळ फुसफुसतो आणि पाणी थांबून थांबून येते. टाकीच्या मुख्य व्हॉल्व्हनंतर, टाकीच्या झाकणाहून उंच जाणारा उघडा एअर पाइप जोडा. प्रेशर पंप असलेल्या लाइनवर मात्र तो चालत नाही, त्यातून पाणी बाहेर उडेल.

४. टाकी भरत आली की थरथर: बॉलकॉकचा चेंडू लाटांवर वरखाली होतो आणि व्हॉल्व्ह सतत उघडबंद होतो. झिजलेला वॉशर किंवा पूर्ण बॉलकॉक बदला.

५. एकच नळ घरघरत असेल: आतला वॉशर सैल झालेला असतो. हे सर्वांत स्वस्त काम.

६. दुपारी किंवा संध्याकाळी कटकट: मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांवर जातो. १० मीटर लांबीचा प्लास्टिक पाइप ३० अंशांच्या फरकाने सुमारे २ सेंटीमीटर लांब होतो आणि क्लॅम्पमध्ये घासतो. क्लॅम्पखाली रबर द्या, पाइप सरकायला थोडी जागा ठेवा.

सैल क्लॅम्पमुळे कोणताही धक्का अधिक जोरात वाजतो. म्हणून उघड्यावरचे पाइप हाताने हलवून पाहा आणि हलणाऱ्या ठिकाणी आधार द्या.

दुर्लक्ष केल्यास काय होते?

रोजच्या धक्क्यांनी जोड सैल होतात. पाइप भिंतीच्या आत असेल तर गळती ओल दिसेपर्यंत कळत नाही. उन्हाळ्यात मोजून मिळणारे पाणी तेवढे दिवस भिंतीत मुरत राहते. शंका असेल तर रात्री सर्व नळ बंद करून टाकीतल्या पाण्याची पातळी खुणेने नोंदवा. सकाळी ती उतरली असेल, तर प्लंबरला बोलवा.

आणखी एक काळजी घ्या. नळाच्या सरकारी जोडणीला थेट मोटर लावू नका. त्यामुळे पाइपमधला दाब खाली जातो आणि फटींतून घाण पाणी आत ओढले जाऊ शकते. ते शेजाऱ्यांच्या घरीही पोहोचते.