पंधरा दिवसांची पीएल, लेह आणि एव्हरेस्ट

मुकुंदवाडी, चिकलठाणा, सिडको या पट्ट्यात उन्हाळा लागला की कंपनीच्या बसमध्ये एक विषय हमखास निघतो. यंदा लेहला बाईकवर जायचंच. निघणाऱ्यांपैकी निम्मे जळगावच्या पुढे जात नाहीत ही गोष्ट वेगळी. पण जे खरंच जातात त्यांचा हिशेब एकदा नीट बघा. इथून लेह एका बाजूने सव्वादोन हजार किलोमीटरच्या आसपास. जायला सहा दिवस, यायला पाच-सहा, वर गेल्यावर हवा विरळ म्हणून दोन दिवस नुसतं पडून राहायचं, मग खारदुंगला, पँगाँग. झाले पंधरा ते अठरा दिवस. आणि कारखान्यातल्या कायम कामगाराला वर्षाची पीएल मिळते साधारण पंधरा!

हा पंधराचा आकडा कुठल्या मॅनेजरच्या मनाच्या मोठेपणातून आलेला नाही. त्याला इतिहास आहे, आणि सुरुवातीचा इतिहास मराठी माणसाचाच आहे.

नारायण मेघाजी लोखंडे हे नाव १० जूनला रविवारच्या सुट्टीच्या पोस्टमध्ये फिरतं आणि मग वर्षभर गायब होतं. सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक, आणि स्वतः गिरणीत नोकरी केलेला माणूस. १८८४ साली त्यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या काय? आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. म्हणजे याच्या आधी यातलं काहीच नव्हतं. सहा वर्षं भांडल्यावर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवार मान्य केला. पुढच्याच वर्षी कारखाना कायद्यात आठवड्याची सुट्टी आली.

पण ती सुट्टी बिनपगारी. आणि एका रविवारी माणूस जाणार कुठे? फार तर भायखळ्याच्या राणीच्या बागेत.

लांब जायचं म्हणजे गावी जायचं, एवढाच अर्थ तेव्हा होता. कोकणातला चाकरमानी गणपतीला, शिमग्याला जायचा, घाटावरचा सुगीला. त्याच्या जागी साच्यावर ‘बदली’ उभा राहायचा. बदली म्हणजे ज्याची हजेरी रोज सकाळी गेटवर ठरते असा माणूस. तुमची रजा म्हणजे त्याचा रोज. गिरणीवाल्यांची रजा अशी एकमेकांच्या पोटावर चालायची. परत आल्यावर आपली जागा शाबूत असेल की नाही, हे जॉबरच्या मर्जीवर. (त्याच्यापेक्षा आपला शेतकरी बरा. पेरणी उरकली की पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी निघणाऱ्याला कुणाची सही लागत नव्हती. पाऊस वेळेवर आला पाहिजे, एवढी एकच अट.)

पगारी रजा कायद्यात यायला १९४५ साल उजाडलं. वर्षभर काम केलेल्या प्रौढ कामगाराला सलग दहा दिवस भरपगारी सुट्टी. हे १ जानेवारी १९४६ पासून लागू झालं. मग १९४८ चा कारखाना कायदा आला. त्याचं कलम ७९ मुकुंदवाडीतल्या प्रत्येक घरात फ्रीजवर चिकटवून ठेवावं असं होतं. वर्षात २४० दिवस काम भरलं की दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळायची. ३०० दिवस भरले की १५. आता आकडा कुठून आला ते कळलं?

पण खरी गंमत त्या कलमाच्या पोटात आहे. या रजेच्या मध्ये किंवा टोकाला सुट्टीचा दिवस आला तर तो रजेत धरायचा नाही. म्हणजे पंधरा पीएल टाकली आणि मध्ये तीन साप्ताहिक सुट्ट्या आल्या तर हातात अठरा दिवस येतात. तेवढ्यात लेह होतं! काही कंपन्यांचे एचआर ‘सँडविच’ नावाचा प्रकार करून या सुट्ट्याही रजेत कापतात. कामगाराच्या पीएलबाबत ते कायद्याच्या विरुद्ध होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. दुसरं, त्या कायद्यात अर्ज निदान पंधरा दिवस आधी द्यावा लागायचा. तिसरं, वर्षातून तीनपेक्षा जास्त तुकडे करता येत नव्हते. चौथं, उरलेली रजा पुढच्या वर्षात नेता येते, तीस दिवसांपर्यंत. आणि नियमानुसार मागितलेली रजा नाकारली असेल तर तिला ही मर्यादा नाही. म्हणून अर्ज लेखी द्यावा आणि नकारही लेखी घ्यावा. तोंडी ‘बघू रे नंतर’ म्हणजे रजा गेली.

दुकानं आणि ऑफिसांसाठी राज्याचा २०१७ चा वेगळा कायदा आहे. त्यात आठ दिवस सीएल, बाकी रजेचा हिशेब असाच वीसास एक, आणि साठवण ४५ दिवसांपर्यंत.

कारखान्यात ही लढाई चालू असताना सरकारी नोकरांची वाट वेगळीच निघाली. केंद्राने १९५६ साली रजा प्रवास सवलत आणली, म्हणजे आपली एलटीसी. उद्देश साधा होता, नोकरीमुळे गावापासून लांब पडलेल्याने घरी जाऊन यावं. पुढे ‘भारतात कुठेही’ हे कलम जोडलं गेलं आणि मराठी मध्यमवर्गाला काश्मीर, कन्याकुमारी दिसली. माझ्या मते आपल्याकडच्या सहलीच्या धंद्याचा पाया एलटीसीने घातला. १९८४ साली केसरीभाऊ पाटलांनी केसरी टूर्स काढली तेव्हा दोन आठवडे रजा आणि थोडीफार शिल्लक असलेला पगारदार तयारच होता. त्याला भाषा येत नव्हती, वेळ नव्हता आणि जेवणाची काळजी होती. या तिन्हीचा बंदोबस्त म्हणजे ग्रुप टूर. पोळी-भाजीसकट युरोप. याला हसणारे हसोत, पण ज्याच्याकडे आयुष्यात एकदाच पंधरा दिवस आहेत तो माणूस रस्ता चुकायची चैन करू शकत नाही.

एलटीसीची एक कथा तर सिनेमाला लाजवेल अशी आहे. प्राप्तिकरातली सूट फक्त देशातल्या प्रवासाला, आणि तीही जवळच्या मार्गाच्या भाड्याएवढी. स्टेट बँकेच्या काही कर्मचाऱ्यांनी काय केलं? मुक्काम देशातलाच दाखवला, रस्ता मात्र परदेशातून. दिल्लीहून मदुराईला जायचं, मध्ये कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूर. कुणी रामेश्वरमला मॉरिशसमार्गे. कुणी पोर्ट ब्लेअरला चक्क युरोपमार्गे! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ४ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाल बँकेच्या विरोधात लागला. परदेशातून वळसा घालून केलेल्या प्रवासाला सूट नाही, बँकेने कर कापायला हवा होता. कायद्याने बरोबरच आहे. तरी नकाशावर तो रामेश्वरमचा रस्ता बोटाने काढून बघा, त्या माणसाची परदेश बघायची भूक कळते. (नव्या करप्रणालीत तर ही सूटच उरलेली नाही.)

आता आपल्या जिल्ह्यातल्या माणसाकडे येतो. रफिक शेख, ग्रामीण पोलीस दलातले कॉन्स्टेबल. २०१४ साली एव्हरेस्टला गेले. १८ एप्रिलला खुंबूत हिमकडा कोसळला, १६ नेपाळी कामगार गेले, मोसम संपला. २०१५ ला पुन्हा गेले. २५ एप्रिलला नेपाळचा भूकंप झाला आणि बेस कॅम्पवर हिमस्खलन आलं. तिसऱ्यांदा गेले आणि मे २०१६ मध्ये माथ्यावर पोचले. मराठवाड्यातले पहिले.

याचा रजेच्या अंगाने विचार करा. एव्हरेस्टच्या पुऱ्या मोहिमेला साधारण दोन महिने लागतात. राज्य कर्मचाऱ्याला १९८१ च्या रजा नियमांप्रमाणे वर्षाला ३० दिवस अर्जित रजा मिळते. म्हणजे एका पूर्ण मोहिमेला दोन वर्षांची रजा. त्यात पोलिसाची नोकरी, जिथे बंदोबस्त लागला की मंजूर रजाही रद्द होते. अशा नोकरीतून लागोपाठ तीन वर्षं एप्रिल-मे मोकळे काढायचे, याला फुप्फुसांइतकीच कागदपत्रांचीही ताकद लागते.

दोन वर्षांनी मनीषा वाघमारे. त्याही आपल्याच शहरातल्या, शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापक. २०१७ साली माथा फक्त १७० मीटरवर राहिला असताना हवामानामुळे त्यांना परतावं लागलं, आणि २०१८ च्या मे महिन्यात त्या वर पोचल्या. १७० मीटर म्हणजे मुकुंदवाडी स्टेशनाच्या फलाटावरून टाकलेली चक्कर. तिथून मागे फिरायचं आणि जूनमध्ये पुन्हा कॉलेजात हजर व्हायचं!

त्याच २०१६ च्या मे महिन्यात पुणे पोलिसातल्या एका जोडप्यानेही एव्हरेस्ट सर केल्याचं जाहीर केलं होतं. फोटोत फेरफार असल्याचं चौकशीत निघालं, नेपाळने दहा वर्षांची बंदी घातली आणि २०१७ ला नोकरीही गेली. त्यांचं समर्थन नाही. पण नोकरदाराला अशी संधी सहसा एकदाच मिळते, आणि रिकाम्या हाताने परत येऊन साहेबापुढे दुसऱ्यांदा अर्ज ठेवणं सोपं नसतं. म्हणूनच शेख आणि वाघमारे यांनी दिलेला दुसरा, तिसरा अर्ज मला शिखराएवढाच मोठा वाटतो.

हे सगळं कायम नोकरीवाल्यांचं झालं. मुकुंदवाडीत खोली भाड्याने घेऊन राहणारी बहुतेक पोरं कंत्राटी आहेत. विमानतळ इतका जवळ की चिकलठाण्यावर उतरणारं विमान गच्चीवरून दिसतं, पण त्यांच्या नावावर पीएल नाही. कारण तेच २४० दिवस. सात महिने भरत आले की ठेकेदार ‘ब्रेक’ देतो. आठ-पंधरा दिवस घरी, मग नवा गेटपास, कधी नवं कंत्राट, हजेरी पुन्हा एकपासून. त्या ब्रेकला पोरं थट्टेने ‘सुट्टी’ म्हणतात. पगार नसलेली, न मागितलेली, पुढे काम मिळेल की नाही याच्या घोरात काढलेली सुट्टी. १९३० च्या बदलीला आजचा कंत्राटी पोरगा लगेच ओळखीचा वाटेल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात २४० ची अट १८० वर आली, दर २० दिवसांना एक हा दर तसाच राहिला, आणि वर्षअखेरीला उरलेली रजा मागणी करून विकता येते. बऱ्याच घरांत ती विकलीच जाईल, जूनमध्ये शाळेची फी असते. पण १८० म्हणजे हजेरीचे जवळपास सात महिने. सात महिन्यांवर मिळणाऱ्या ब्रेकने आता ठेकेदाराचं काम भागणार नाही. तो ब्रेक पाचव्या महिन्यावर येतो की खरंच हजेरीपटावर १८० भरतात, हे चिकलठाण्याच्या गेटवर वर्षभरात दिसेल. ज्यांच्या घरात कंत्राटी पोरगा आहे त्यांनी त्याच्या हजेरीचे दिवस आजपासून कॅलेंडरवर लिहायला घ्या.