घंटा, दिवे आणि कॉर्दोबाची मशीद

चंद्रपुरात अंचलेश्वर मंदिरालगत राणी हिराईने बांधलेली बीरशहाची समाधी आहे. समाधी गोंड राजाची, पण तिच्या कमानी पाहून परगावचा पाहुणा हमखास विचारतो, "इथे आधी मशीद होती का?" नव्हती. पण एका धर्माची वास्तू दुसऱ्याकडे गेली की नेमके काय होते, याचा शोध घेताना मी स्पेनमधल्या कॉर्दोबाला पोचलो. अर्थात पुस्तकांतून.

ही मशीद पहिल्या अब्द अल्-रहमानने 785 च्या सुमारास बांधायला घेतली. तिचे कित्येक खांब जुन्या रोमन व व्हिसिगॉथ इमारतींतून आणलेले आहेत. दहाव्या शतकात दुसऱ्या अल्-हकमने मिहराब सजवला, तेव्हा त्यासाठी लागणारे रंगीत काचतुकडे कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती सम्राटाने पाठवले. 997 मध्ये अल्-मन्सूरने सांतियागोचे चर्च लुटले. तिथल्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून कॉर्दोबाला आणल्या आणि मशिदीत दिवे म्हणून टांगल्या, असे बखरकार सांगतात. 29 जून 1236 रोजी तिसऱ्या फर्नांडोने शहर घेतले, मशिदीचे चर्च केले आणि त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवर देऊन परत पाठवल्या. सूड असा हिशेबाने उगवलेला मला दुसरीकडे सापडला नाही.

तरीही इमारत उभीच राहिली. जवळजवळ तीनशे वर्षे खांबांच्या त्या रानातच प्रार्थना होत राहिली. खरा घाव बसला तो 1523 मध्ये, बिशपने मधोमध मोठे कॅथेड्रल उभारायला घेतले तेव्हा. विरोध केला तो शहराच्या ख्रिस्ती नगरसभेनेच! पाडकामाला हात लावणाऱ्या कारागिराला देहदंड, अशी दवंडी तिने पिटवली. वाद सम्राट पाचव्या कार्लोसकडे गेला आणि त्याने बिशपच्या बाजूने कौल दिला. पुढे काम पाहून तो स्वतःच हळहळला, अशी कथा आहे. मी ती कथा म्हणूनच घेतो. देहदंडाची भीती घालून परक्या धर्माचे खांब राखू पाहणारी ती नगरसभा मला राजापेक्षा मोठी वाटते.

वाद अजून मिटलेला नाही. 1998 मध्ये स्पेनमधला नोंदणीचा नियम बदलला आणि प्रार्थनास्थळे स्वतःच्या नावे करून घेण्याची वाट चर्चला मोकळी झाली. 2006 मध्ये कॉर्दोबाच्या धर्मप्रांताने ही वास्तू आपल्या नावे नोंदवली. शुल्क पडले 30 युरो. कॉन्स्टँटिनोपलचे काचतुकडे मिहराबात अजून तसेच चमकतात.